मेडिकलचा फोटो घरून चिकटवून आणू नका

एका मुलीनं विचारलंय. वडील ५८ वर्षांचे, साताऱ्याजवळ गावी राहतात. चारचाकीचं लायसन पुढच्या महिन्यात संपतंय. वय चाळीसच्या पुढे म्हणून डॉक्टरांचं मेडिकल सर्टिफिकेट लागणार आणि त्यावर फोटो. फोटो किती, कसा, चष्मा घालून की काढून, घरात पडलेला जुना चालेल का, आणि मेडिकल पुण्यात करायचं की गावी? नुकतंच त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एजंट म्हणतो, "दोन फोटो पाठवून द्या, मेडिकल आमच्याकडे होऊन जाईल, काकांनी यायची गरज नाही."

मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. लायसनच्या मेडिकलवर सह्या करण्यात बरीच वर्षं गेली. एजंटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण फोटो कसा हवा याचं उत्तर त्या वाक्यात काय चुकतंय यातच आहे.

या फोटोबद्दल लोकांची समजूत अशी असते की तो लायसनच्या कार्डावर छापायला लागतो. तसं नाही. कार्डावरचा फोटो आरटीओत कॅमेऱ्यासमोर बसवून काढतात, किंवा आधारच्या मार्गानं घरबसल्या अर्ज केला असेल तर आधारच्या नोंदीतून येतो. मेडिकलवरचा फोटो डॉक्टरांच्या सहीसाठी असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला जो फॉर्म १-ए आम्ही भरतो, त्यात मी लिहून देतो की या अर्जदाराला मी स्वतः तपासलं आहे. "स्वतः" हा शब्द त्या फॉर्ममध्ये छापलेला आहे. नाव तर कुणाचंही लिहिता येतं आणि एका नावाची चार माणसं एका गावात सापडतात. म्हणून फोटो. आणि त्याच फॉर्मच्या तळाशी एक टीप आहे, जी फार थोडे लोक वाचतात: डॉक्टरांनी सही अशी करायची की तिचा काही भाग फोटोवर पडेल आणि काही भाग कागदावर. उद्या कुणी तो फोटो उचकटून दुसरा लावला तर सही तुटते आणि बनवाबनवी उघडी पडते.

आता एजंटचं म्हणणं बघा. काका न येता मेडिकल होणार, म्हणजे कुणीतरी डॉक्टर न पाहिलेल्या माणसाच्या फोटोवर सही करणार. खोटं प्रमाणपत्र देणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे आणि तो डॉक्टरला लागतो. पण भोगावं तुम्हालाही लागतं. काकांना एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, सर्टिफिकेट घरबसल्या आलं आणि पुढे अपघात झाला, तर तो कागद विमा कंपनीच्या वकिलाच्या हातात आयताच पडतो. असे कागद फिरतात, हे मी नाकारत नाही. एवढंच सांगतो की दोन फोटो पाठवण्याचा बेत सोडा आणि काकांना घेऊन या.

यातूनच पहिला व्यावहारिक नियम निघतो आणि नेमकं त्याच्या उलटं बहुतेकजण करतात. फोटो सुटा आणा. लोक झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्म घेतात, तिथेच दुकानदार फेव्हिकॉलनं फोटो चिकटवून देतो, कधी वर स्टेपलरची पिन मारतो, आणि अतिउत्साही असेल तर अर्जदाराकडून फोटोवर सहीही घेतो. माझ्याकडे येईपर्यंत फोटोवर जागा उरलेली नसते. फोटो माझ्यासमोर चिकटला पाहिजे. मी चेहरा बघतो, फोटो बघतो, ओळखपत्र बघतो, तपासतो, आणि मग चिकटवून सही करतो. पिन तर नकोच. स्कॅन करताना तिची सावली पडते, ती गंजते, आणि मुख्य म्हणजे पिन काढून फोटो बदलणं सोपं असतं. ज्या गोष्टीसाठी सही आडवी घालायची तीच पिनेनं फुकट जाते.

किती लागतात? सर्टिफिकेटवर एक. सोबत आणखी दोन-तीन ठेवा. स्टुडिओवाला चार बाय सहाच्या कागदावर बहुधा आठ फोटो एकत्र काढून देतो, त्यामुळे तुटवडा पडायचं कारण नाही. ते कापायला मात्र स्टुडिओतच सांगा. घरच्या कात्रीनं कापलेल्या फोटोची एक बाजू तिरकी जाते आणि हनुवटी हमखास उडते.

आकार पासपोर्ट साइज, म्हणजे आपल्याकडे साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. पॅनकार्डाच्या अर्जाला लागतो तो याहून लहान, तो इथे आणू नका. परदेशात राहणारी मुलं-मुली आईवडिलांसाठी कधी तिकडून फोटो छापून आणतात. अमेरिकेच्या मापाचा दोन इंची चौकोनी फोटो या फॉर्मच्या चौकटीत बसत नाही, आणि कापून बसवायला गेलं तर डोक्यावरची जागा तरी जाते नाहीतर खांदे. आणखी एक अडचण फॉर्मचीच असते. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स असं करत करत ती चौकट आक्रसते. मग लोक फोटो छाटून तिच्यात बसवतात. तसं करू नका. चौकटीबाहेर दोन-तीन मिलिमीटर गेला तर कुणाचं काही बिघडत नाही, फक्त खालची अक्षरं झाकू देऊ नका. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून फॉर्म उतरवून छापला तर हा त्रासच होत नाही.

रंगीत फोटो, पांढरी किंवा अगदी फिकी पार्श्वभूमी, समोर बघणारा चेहरा, दोन्ही डोळे उघडे, कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं दिसणारं. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा सदरा घालून काढलेल्या फोटोत खांदे नाहीसे होतात आणि नुसतं डोकं तरंगताना दिसतं. आमच्याकडच्या काकालोकांकडे तर सगळे सदरे पांढरेच. निळा, तपकिरी, चौकडीचा, कुठलाही रंगीत शर्ट घाला. टोपी असेल तर फोटोपुरती काढून ठेवा. गांधी टोपीची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडते आणि स्टुडिओतला मुलगा ती घालवायला म्हणून कॉम्प्युटरवर चेहराच उजळून टाकतो. शीख बांधवांची पगडी, डोक्यावरून पदर किंवा स्कार्फ घेणाऱ्या बायका, यांना मी कधी अडवलेलं नाही. चेहरा मोकळा हवा, एवढंच. पदर केसांच्या रेषेपर्यंत मागे सरकवला की झालं.

चेहरा उजळण्यावरून आठवलं, तर त्यावरच जरा थांबतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

फॉर्म १-ए मध्ये नावाच्या खालोखाल दुसराच रकाना ओळखखुणांचा आहे. दोन खुणा लिहायच्या. मी शक्यतो चेहऱ्यावरची किंवा हातावरची खूण घेतो, कपड्याआडची घेत नाही, कारण ती पुढे कुणी पडताळून बघणार नसतं. "डाव्या गालावर तीळ", "उजव्या भुवईच्या वर जुना व्रण", "उजव्या हाताच्या तर्जनीवर कापल्याची खूण" अशा. एकदा एक गृहस्थ आले. डाव्या गालावर, नाकपुडीपासून बोटभर अंतरावर, मसुराच्या डाळीएवढा ठळक काळा तीळ. माझ्या दृष्टीनं याहून चांगली ओळखखूण नाही. मी ती लिहिली आणि फोटो हातात घेतला, तर गाल गुळगुळीत. तीळ नाही, डोळ्यांखालची वर्तुळं नाहीत, कानाजवळचे पांढरे केस नाहीत, आणि अंगात कोट-टाय. गृहस्थ तर माझ्यासमोर हाफ शर्टात बसले होते. म्हणाले, "स्टुडिओवाल्यानं आपणहूनच केलं, पन्नास रुपयांत कोटपण घालून दिला." आता मी ओळखखूण लिहिलीय तीळ आणि फोटोत तीळ नाही. पुढे खिडकीवरच्या कारकुनानं दोन्ही ताडून बघितलं तर शंका माझ्यावर येणार. त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी साधा फोटो घेऊन आले. त्यात तीळ होता, वय होतं आणि माणूस होता.

म्हणून स्टुडिओत शिरताना आधीच सांगा: जसा आहे तसा ठेवा, गोरं करू नका, डाग-तीळ पुसू नका, कोट घालू नका. आजकाल मोबाइलचा कॅमेराही न विचारता चेहरा गुळगुळीत करतो. घरी फोटो काढून छापून घेणार असाल तर ती सोय आधी बंद करा. सेल्फी तर नकोच. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान येतात, आणि एक खांदा वर उचललेला दिसतो.

छपाईचा कागद हा विषय कुणाला सुचत नाही, पण त्याचा त्रास मला रोज होतो. चकचकीत कागदावर बॉलपेन चालत नाही. घसरतं, पुसट रेघ उमटते. जेल पेननं केलेली सही बराच वेळ ओली राहते, आणि माणूस उठता उठता फॉर्मची घडी घालतो. घरी उघडून बघावं तर सही फोटोच्या नाकावर फासलेली. मी आता फोटोवरचा भाग सीडीवर लिहायच्या बारीक मार्करनं करतो, पण प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर तो असेलच असं नाही. स्टुडिओत मॅट कागद मागा, त्यावर कुठलंही पेन चालतं. घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढलेला फोटो किंवा फोटोची रंगीत झेरॉक्स आणू नका. डिंकाच्या ओलाव्यानं रंग फुटतो आणि आठवडाभरात चेहरा ओळखू येत नाही.

सही कुठे पडावी हे खरं तर माझं काम, पण तुमचं लक्ष असलेलं बरं. खांद्याच्या किंवा छातीच्या भागावरून सुरू होऊन बाहेर कागदावर गेलेली सही उत्तम. चेहऱ्यावरून आडवी गेलेली सही म्हणजे पुन्हा फॉर्म करणं आलं. शिक्क्याचंही तसंच. टीप फक्त सहीबद्दल आहे. शिक्का डॉक्टरच्या नावाशी, नोंदणी क्रमांकाशेजारी मारायचा. सवयीनं काही डॉक्टर गोल शिक्का थेट फोटोवर मारतात. कोपऱ्यावर पडला तर ठीक, डोळ्यांवर पडला तर तिथल्या तिथे दुसरा फोटो काढून द्या आणि नवीन फॉर्म मागा. संकोच करू नका. म्हणूनच जादा दोन-तीन आणायला सांगितले. उठण्यापूर्वी एवढं बघा: सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक वाचता येतोय का, तारीख आहे का, आणि अर्जदाराची स्वतःची सही किंवा अंगठा त्याच्या जागी आहे का. अंगठा फोटोवर घ्यायचा नसतो.

आता चष्मा आणि मोतीबिंदू. तुमच्या वडिलांच्या बाबतीत फोटोपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

साधा नियम सांगतो. रोज चष्मा लावत असाल तर तपासणीला चष्मा आणायचाच, कारण फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे की दृष्टिदोष आहे का, आणि असल्यास योग्य चष्म्यानं तो सुधारला आहे का. फोटो मी चष्म्यासह घेतो, काच चमकत नसेल आणि डोळे स्वच्छ दिसत असतील तर. स्टुडिओतला फ्लॅश काचेवर पडून डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके आले, तर त्या फोटोचा उपयोग नाही. उन्हात काळी होणारी काच असेल तर स्टुडिओत जरा वेळ बसून ती पांढरी होऊ द्या, नाहीतर गॉगल घातल्यासारखं दिसतं. शंका असेल तर चष्मा काढून फोटो काढा आणि तपासणीला लावून या. दोन्हींत विसंगती नाही.

पण वडिलांचा एक डोळा नुकताच झालाय. ऑपरेशननंतर नजर स्थिर व्हायला आणि चष्म्याचा नंबर पक्का व्हायला साधारण महिना-दीड महिना जातो. त्याआधी माझ्याकडे आणलंत तर मी तपासेन, पण जे लिहीन ते पंधरा दिवसांत बदललेलं असेल. मी तुमच्या जागी असतो तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून गाडी चालवायला हरकत नाही असं लेखी घेतलं असतं, नवा चष्मा लागला तर तो करून घेतला असता, मग नव्या चेहऱ्याचा फोटो काढला असता आणि मग मेडिकलला आलो असतो. "नव्या चेहऱ्याचा" असं मुद्दाम म्हणतोय. पूर्वी जाड भिंगाचा चष्मा असायचा आणि ऑपरेशननंतर तो गेला, तर माणूस खरोखर वेगळा दिसतो. घरात पडलेला जुना फोटो चालेल का, याचं उत्तर तुमच्या बाबतीत म्हणूनच नाही असं आहे.

लायसन पुढच्या महिन्यात संपतंय म्हणून घाई वाटत असेल, तर कायद्यात तेवढी सवड आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून ते संपल्यावर वर्षभरापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. वर्ष उलटलं तर मात्र पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. म्हणजे डोळा बरा होईपर्यंत थांबलात तर लायसन बुडत नाही. मधल्या काळात, मुदत संपलेल्या लायसनवर, वडिलांना गाडी चालवू देऊ नका. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यानं तशीही चालवू नये. नूतनीकरण झालं की त्यांच्या वयाला ते पाच वर्षांसाठी मिळेल.

याच दुरुस्तीमुळे एक मजेशीर गोष्ट झालीय. तिशीच्या आत खासगी गाडीचं लायसन काढलं तर ते आता वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. आणि नूतनीकरणाला मेडिकल लागतं तेही चाळीस पूर्ण झाल्यावर. म्हणजे माणसाचा चाळिसावा वाढदिवस, लायसनची शेवटची तारीख आणि पहिलं मेडिकल, तिन्ही एकदम येऊन ठेपतात. अशी मंडळी येतात तेव्हा खिशातला फोटो नोकरीला लागतानाचा असतो, पोट आणि केस दोन्ही बदललेले असतात. सहा महिन्यांच्या आतला फोटो आणा, असं मी माझ्या दवाखान्यात लावूनच ठेवलंय. मापदंड मात्र तारखेचा नाही. अनोळखी माणसानं फोटो आणि चेहरा शेजारी ठेवून लगेच "हा तोच" म्हटलं पाहिजे.

दाढी वाढवली, मिशी काढली, एवढ्यानं काही अडत नाही. घरात कुणी गेल्यावर मुंडन केलेली किंवा तिरुपतीला जाऊन आलेली माणसं विचारतात, केस येईपर्यंत थांबू का? थांबायची गरज नाही. कान, नाक, हनुवटी यांवरून ओळख पटते, आणि ओळखखुणा मी अशा वेळी जास्त नेमक्या लिहितो. पण त्याच आठवड्यात फोटो काढणार असाल तर बोडक्या डोक्यानं काढू नका. जुना, केसांचा, सहा महिन्यांच्या आतला फोटोच द्या, कारण महिन्याभरात तुम्ही पुन्हा तसेच दिसणार आहात. एखाद्याचा पाय किंवा हात अधू असेल तर तो दिसेल असा पूर्ण उंचीचा फोटो आणा म्हणून कुणी सांगितलं, तर ऐकू नका. फॉर्मला पासपोर्ट साइज फोटोच लागतो. हातापायाची स्थिती त्यासाठी असलेल्या वेगळ्या रकान्यात मी शब्दांत लिहितो.

ट्रक, टेम्पो, टॅक्सी चालवणाऱ्यांना वयाची चाळिशी वगैरे काही नाही. पहिल्यापासून दर वेळी फॉर्म १-ए लागतोच. त्यांचं लायसन पाच वर्षांचं असतं, गॅस-पेट्रोलसारखा धोकादायक माल वाहणाऱ्यांचं तीन वर्षांचं. त्यामुळे ही मंडळी माझी नेहमीची. फोटो पाकिटात घडी घालून ठेवलेला, घामानं पिवळा, नेमका नाकावरून चिरलेला असतो. तो घेत नाही म्हटलं की रागावतात. पण घडीची चीर स्कॅनमध्ये काळी रेघ होऊन उतरते आणि अर्ज परत आला की दिवसाची खोटी त्यांचीच होते.

आता स्कॅनचा भाग. कागदी सर्टिफिकेट पोर्टलवर चढवायचं असेल तर बहुतेक लोक मोबाइलवरच्या स्कॅनिंगच्या ॲपनं काढतात. ते ॲप आपणहून कागद "स्वच्छ" करायला जातं आणि काळा-पांढरा करून टाकतं. अक्षरं छान दिसतात, फोटोचा मात्र काळा ठोकळा होतो आणि त्यावरची निळी सही त्यात बुडून जाते. रंगीत ठेवा. कागद सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, वरून सरळ काढा. मग फोटोवर बोटांनी मोठं करून बघा: चेहरा दिसतोय का, सहीची रेघ फोटोच्या कडेवरून कागदावर जाताना तुटत तर नाही ना. कागदपत्राची फाइल ५०० केबीच्या आत ठेवायची असते, ती लहान करतानाही हेच पुन्हा तपासा. अर्जाबरोबर वेगळा फोटो चढवायला सांगितलं तर त्याचं माप निराळं आहे, जेपीजी आणि १० ते २० केबी. इतक्या लहान फाइलमध्ये मोठा फोटो नुसता दाबला की चेहरा चौकोनी ठिपक्यांचा होतो. आधी चेहरा आणि खांद्यांपुरता कापा आणि मग लहान करा.

महाराष्ट्रात आता सारथीवर नोंदणी केलेले एमबीबीएस डॉक्टर आपल्या लॉगिनमधून हे सर्टिफिकेट ऑनलाइनही भरतात. तुमचा अर्ज क्रमांक टाकून डॉक्टर तपासणीची माहिती भरतात. डिंक, पेन, स्कॅन यातलं बरंच त्यामुळे वाचतं. तपासणी मात्र तीच: तक्त्यावरची अक्षरं, ठिपक्यांच्या चित्रातला आकडा, पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट, कान, हातपायांचे सांधे. आणि ती समोरासमोरच होते. लॉगिनमध्ये नाव माझं असतं, म्हणून मी अशा वेळीही एक फोटो मागून घेतो आणि माझ्या रजिस्टरला लावून ठेवतो. हा नियम नाही, माझी पद्धत आहे. फोटो कशाला म्हणून कुणी विचारलं तर सांगतो की उद्या माझ्याकडे चौकशी आली तर मला नाव आठवणार नाही, चेहरा आठवेल.

ठिपक्यांच्या चित्रांवरून जाता जाता एक सांगतो. रंगांधळेपणा थोडा किंवा मध्यम असेल तर जून २०२० च्या बदलानंतर लायसन मिळू शकतं, फक्त तीव्र रंगांधळेपणाला ते नाकारलं जातं. ते चित्र वाचता आलं नाही म्हणून बरेचजण घाबरून एजंटकडे पळतात. पळू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून प्रमाण तपासून घ्या.

आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटला मेडिकल सर्टिफिकेटची अट जानेवारी २०२१ मध्ये काढून टाकलीय. तुमच्यापैकी कुणाला त्यासाठी फोटो आणि मेडिकल दोन्ही आणा म्हणून सांगितलं असेल तर मेडिकलचे पैसे वाचवा.

राहता राहिला प्रश्न, पुण्यात करायचं की गावी. तपासणीपुरतं म्हणाल तर गावी करा. वडिलांचा रक्तदाब, साखर, डोळ्याचं ऑपरेशन ज्या डॉक्टरांना माहीत आहे त्यांच्याकडे मेडिकल लवकर आणि नीट होतं. फॉर्म १ मध्ये, म्हणजे वडिलांनी स्वतः भरायच्या घोषणापत्रात, फिट येतात का, चक्कर येते का, रात्री दिसायला त्रास होतो का असे प्रश्न आहेत. ते आधी घरी वाचून दाखवा, कारण दवाखान्यात बसल्यावर सगळे काका सगळ्याला "नाही" म्हणतात. जाण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: लायसनच्या मेडिकलवर तुम्ही सही करता का, आणि ऑनलाइन भरता की कागदावर. कागदावर म्हणाले तर कोरा फॉर्म, सुटे फोटो, चालू लायसन, आधार आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. डिंकाची बाटली आमच्याकडे असते.